सोरा, मीठ आणि नोनियांची कढई

जुन्या घराच्या भिंतीला लोणा धरलेला तुम्ही पाहिला असेल. ओलीनंतर वर येणारी ती पांढरी, खारट भुकटी. बिहारमध्ये सारण, चंपारण, तिरहुत या भागात ती गावाभोवतीच्या जमिनीवरही येते. गुरांचं मूत, शेण, चुलीतली राख वर्षानुवर्षं मातीत मुरते, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि पावसाळ्यानंतर ऊन पडलं की ते वर फुलून येतं. ही माती खरवडून सोरा काढणारा समाज म्हणजे नोनिया. बंदुकीच्या दारूत सुमारे पाऊण हिस्सा सोराच असतो.

अडचण अशी, की त्या मातीत सोऱ्याबरोबर खाण्याचं मीठही असतं. दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी. मग वेगळी करायची कशी?

पाणी कुठलाही पदार्थ एका मर्यादेपर्यंतच विरघळवून घेतं. त्यापुढे घातलेलं तळाशी बसतं. याला आपण संपृक्त द्रावण म्हणतो. गंमत ही, की ऊन लागल्यावर ही मर्यादा सगळ्यांची सारखी वाढत नाही. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात मीठ ३६ ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. सोरा मात्र २० अंशांना ३२ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात २४० हून अधिक!

नोनिया मातीतून पाणी झिरपवून घेत आणि ते खारं पाणी कढईत आटवत. पाणी कमी होत गेलं की मीठ तळाशी बसू लागे, कारण त्याची मर्यादा संपलेली. सोरा अजून गरम पाण्यात मजेत विरघळलेला. मग वरचं पाणी काढून गार करायला ठेवायचं. गारव्याने आता सोऱ्याची मर्यादा कोसळते आणि त्याच्या लांबट काड्या जमतात. उरलेलं पाणीही फुकट जात नसे, ते पुन्हा मातीवर ओतत. तापमापक नाही, तराजू नाही. मला यात प्रयोगशाळेपेक्षा काही कमी दिसत नाही.

या सोऱ्याचा थंड उपयोगही होता. तो विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतो. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने कृती दिली आहे: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. हिशेब करून पाहा. हे प्रमाण १०० ला ५० पडतं. पाणी गार होत जाईल तशी मर्यादा खाली येणार, म्हणजे थोडा सोरा तळाशी उरणारच.

पण युरोपला सोरा हवा होता तो तोफांसाठी. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीला मिळवून दिली. बंगालवरचा हात सुटलेल्या फ्रान्सला घरचाच सोरा वाढवावा लागला. १७७५ मध्ये त्या खात्यावर नेमलेल्यांत लाव्हाझिए होता.

आणि नोनिया? त्यांच्या कढईत सोऱ्याआधी मीठ पडणारच, हा पाण्याचा नियम. पण मिठावर सरकारी कर. त्यामुळे सोरा काढायलाही परवाना लागू लागला आणि तळाशी बसलेलं मीठ परस्पर विकणं किंवा घरी खाणं हा गुन्हा झाला. साम्राज्याला काड्या हव्या होत्या, तळातलं मीठ मात्र कर भरल्याशिवाय नको होतं.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्याकडे शिरोड्याला समुद्र होता. बिहारला समुद्रच नाही. तिथल्या सत्याग्रहींनी गावातली खारी माती भिजवली, पाणी गाळलं आणि चुलीवर आटवायला ठेवलं. ती रीत नोनियांचीच होती.