बाबेलच्या बाईचा मुकुट

बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातली बाबेलची वेश्या मूळची व्हेनिसची. बायबलचे जाणकार हसतील, पण चित्रापुरतं हे खरं आहे. चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने 1495 च्या सुमारास व्हेनिसच्या एका नटलेल्या बाईचं चित्र काढलं होतं. ते आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. 1498 मध्ये ‘प्रकटीकरणा’ची काष्ठचित्रं छापताना सात डोक्यांच्या श्वापदावर त्याने तीच बाई बसवली. काहींना यात श्रीमंत व्हेनिसला मारलेला टोमणा दिसतो. मला नाही दिसत. हाताशी तयार चित्र होतं, त्याने ते वापरलं. राजकारण शिरलं ते पुढे, तिच्या मुकुटातून.

सप्टेंबर 1522. विटेनबर्गला धर्मसुधारक लूथरचा जर्मन ‘नवा करार’ निघाला. त्यात ‘प्रकटीकरणा’ची 21 पानभर चित्रं, लुकास क्रानाखच्या कारखान्यातली. मांडणी बरीचशी ड्यूररवरून उचललेली, पण बाबेलच्या बाईच्या डोक्यावर चक्क पोपचा तिमजली मुकुट! निरक्षरालाही कळावं, बोलणं कोणाला आहे ते.

डिसेंबरच्या आवृत्तीत मुकुटाचे वरचे मजले गायब. लाकडी ठशावर उठून राहिलेली रेघच शाई घेते. ती तासली की कागद कोरा. म्हणून साध्या मुकुटाच्या वर एक रिकामी पांढरी जागा दिसते. नीट पाहिलं तर कापाकापी लपत नाही.

ही कात्री कोणी लावली? बोट दाखवलं जातं ते सॅक्सनीच्या कॅथलिक ड्यूक गेओर्गकडे. त्याने नोव्हेंबरातच पुस्तकावर बंदी घातली होती. पण मुकुट छाटल्याने ती बंदी थोडीच उठणार होती? मजकूर तर लूथरचाच. माझा संशय गेओर्गच्या चुलतभावावर, म्हणजे विटेनबर्गचा सत्ताधीश इलेक्टर फ्रेडरिकवर आहे. लूथरचा पाठीराखा तोच आणि 1505 पासून क्रानाखचा धनीही तोच. असा माणूस हुकूम काढत नाही; त्याची नाराजी कानावर गेली तरी पुरते.

1534 च्या संपूर्ण बायबलात, नव्या ठशांवर, मुकुट पुन्हा तिमजली झाला.

खरी गंमत मधल्या काळातली. बाबेलच्या पतनाच्या चित्रातलं शहर क्रानाखने 1493 च्या न्यूरेंबर्ग इतिवृत्तातल्या रोमच्या चित्रावरून घेतलं होतं. मुकुट छाटणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही. 1527 मध्ये लूथरचा कट्टर विरोधक एम्सर याने आपला कॅथलिक ‘नवा करार’ काढला, ड्यूक गेओर्गच्या प्रस्तावनेसह, आणि चित्रांसाठी क्रानाखचेच ठसे विकत घेतले. त्या पुस्तकातही कोसळतंय ते रोमच.