मकिंग येथील उत्खनन : अँग्लो-सॅक्सन खेड्याचा पुरावा व त्याचें वाचन

१. इंग्लंडांतून रोमन सत्ता उठली ती इ. स. ४१० च्या सुमारास, आणि रोमहून आलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक केंट प्रांतीं उतरले ते इ. स. ५९७ मध्यें. या दोन घटनांमधील सुमारें दोनशें वर्षांचा काळ लेखी साधनांच्या दृष्टीनें जवळ जवळ कोरा आहे. गिल्डास नामक ब्रिटन भिक्षूचा विलापपर ग्रंथ सहाव्या शतकांतला. बीड या मठवासी पंडिताचा धर्मेतिहास इ. स. ७३१ मध्यें पुरा झालेला. आणि अँग्लो-सॅक्सन बखर तर नवव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेली. या तिन्ही ग्रंथांत राजे आहेत, लढाया आहेत, धर्मगुरु आहेत. परंतु नांगर धरणारा, सूत कांतणारा, गुरें राखणारा माणूस जवळ जवळ नाहींच. तो कोठें राहत होता व त्याचें घर कसें होतें, या प्रश्नांचें उत्तर अखेर जमिनीच्या पोटांतून आलें. तें उत्तरहि प्रथम चुकीचें वाचलें गेलें व मागाहून दुरुस्त झालें. ही दुरुस्ती कशी झाली, तें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय परदेशचा आहे, हें खरें. परंतु मातींतला पुरावा वाचण्याचे जे नियम या निमित्तानें स्पष्ट झाले, ते पोथ्या व दप्तरें चाळणाऱ्या आपल्या मंडळींस परके नाहींत. शिवाय एक कबुली येथेंच देऊन टाकितों. शाळेंत इतिहास शिकवितांना, सॅक्सन लोक जमिनींत खड्डे खणून त्यांत राहत असत, असें मीं बेधडक सांगितलें आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांच्या आधारें केलेलें तें विधान टिकण्यासारखें नव्हतें, हें मला फार उशिरां कळलें.

२. या चुकीचें मूळ पाहूं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे ई. टी. लीड्स यांनीं सन १९२१ ते १९३७ या काळांत थेम्स नदीकांठच्या सटन कोर्टनी या गांवीं वाळू-खडीच्या खाणींत संशोधन केलें. खाणीचे मजूर जमीन तोडीत चालले असतां पांढुरक्या खडींत काळ्या मातीनें भरलेले आयताकार खड्डे उघडे पडत. त्यांत खापरें, जनावरांचीं हाडें, हाडांच्या फण्या व मागाला टांगावयाचीं मातीचीं वजनें सांपडलीं. इंग्लंडांतील अँग्लो-सॅक्सन खेडें म्हणून ओळखून तपासलेलें हें पहिलें स्थळ होय. लीड्स यांचें श्रेय त्यामुळें मोठें आहे. मात्र हे खड्डे म्हणजेच लोकांचीं राहतीं घरें, आणि हाडाखापरांच्या कचऱ्यांतच त्यांचा संसार चाले, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

निष्कर्ष चुकला तो निरीक्षणाच्या मर्यादेमुळें. मोठा काळा खड्डा खाणीच्या कडेला चटकन् नजरेस येतो. परंतु जमिनीवर उभारलेल्या लांकडी घराची खूण म्हणजे खांब पुरल्याच्या लहान खोबणी. त्या एकेकट्या पाहिल्या तर कांहींच सांगत नाहींत. मोठें क्षेत्र एकदम मोकळें केल्यावांचून त्यांची ओळ जुळत नाहीं. खाणकामाच्या धांदलींत तें शक्य नव्हतें. सन १९५७ मध्यें रॅली रॅडफर्ड यांनीं या मताचा फेरविचार करून, खड्ड्यांच्या जोडीला जमिनीवरील मोठीं घरें असलींच पाहिजेत व तीं शोधणाऱ्यांच्या नजरेंतून सुटलीं, असें प्रतिपादिलें. तें खरें ठरलें तें पुढील उत्खननांत. त्यांतील सर्वांत विस्तृत मकिंगचें.

३. मकिंग हें गांव एसेक्स परगण्यांत थेम्सच्या मुखाजवळ, नदीवर नजर ठेवणाऱ्या खडीच्या उंचवट्यावर आहे. सन १९५९ मध्यें केंब्रिजचे सेंट जोसेफ यांनीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत तेथील उभ्या पिकांत वर्तुळें, चौकोन व ठिपके उमटलेले दिसले. बुजलेल्या चरांतील माती खोल व ओलसर असते. तिच्यावरचें पीक उंच व हिरवें राहतें आणि भोंवतालचें लवकर पिवळें पडतें. अशा रीतीनें जमीन आपला जुना नकाशा कोरड्या उन्हाळ्यांत कांहीं दिवस उघड करिते.

तेथेंहि खडीची खाण पुढें सरकत होती. म्हणून सन १९६५ मध्यें मार्गारेट जोन्स व त्यांचे पति टॉम जोन्स यांनीं खोदकाम हातीं घेतलें व तें सन १९७८ पर्यंत चालविलें. उन्हाळ्यापुरतें काम करण्याची तिकडील रूढि मोडून हिवाळ्यांतहि तें चालू ठेवावें लागलें, कारण खाणीचीं यंत्रें ऋतु पाहून थांबत नव्हतीं. विद्यार्थी व हौशी स्वयंसेवक यांच्या मदतीनें सुमारें १८ हेक्टर, म्हणजे ४४ एकरांच्या आसपास, जमीन मोकळी करण्यांत आली.

एवढ्या क्षेत्रावर एकाच काळचा पुरावा मिळणें संभवनीय नव्हतें. नवाश्मयुगांतील वस्तु, कांस्ययुगाच्या अखेरचीं चरांनीं वेढलेलीं वर्तुळाकार आवारें, लोहयुगांतील गोल घरें, रोमन काळचीं शेतें, विहिरी, कुंभारांच्या भट्ट्या व दफनभूमि, आणि या सर्वांवर अँग्लो-सॅक्सन वस्ती, असा अनेक युगांचा संभार तेथें एकावर एक लिहिला गेला होता. सॅक्सन काळचींच २०३ खातगृहें व निदान ५३ खांबांचीं घरें मोजलीं गेलीं. शिवाय दोन दफनभूमींत मिळून ८०० हून अधिक दफनें व दहनकलश मिळाले. जर्मन पंडित ज्यांस ‘ग्रूबनहाउस’ म्हणतात, त्यांस मीं येथें खातगृह हा शब्द योजिला आहे. खात म्हणजे खणलेलें.

४. आतां खातगृहाचें स्वरूप पाहूं. लांबी साधारण चार मीटर, रुंदी तीन मीटर, खोली बहुधा गुडघाभर; दोन अरुंद बाजूंस मध्यभागीं एकेक खांब, व त्यांवर आढें टाकून दोहों बाजूंस उतरतें छप्पर. खांबांचें घर याहून मोठें असून सरळ जमिनीवर उभारलेलें. लांबी बहुधा रुंदीच्या दुप्पट, आणि दोन लांब भिंतींच्या मध्यावर समोरासमोर दारें. मुख्य राहतें घर हें. खातगृह हें त्याच्या आवारांतील मागघर, कोठार किंवा कामाचें खोपट असावें, असें आज बहुतेक संशोधक मानतात.

खड्डा हीच राहण्याची जमीन होती काय, याची परीक्षा सफोक परगण्यांत लार्क नदीकांठच्या वेस्ट स्टो येथें चांगली झाली. तेथें स्टॅन्ले वेस्ट यांनीं सन १९६५ ते १९७२ या काळांत पांचव्या ते सातव्या शतकांतील एक वस्ती उकलली. मध्ययुगांत वाऱ्यानें उडून आलेल्या वाळूच्या थराखालीं ती नांगरापासून सुरक्षित राहिली होती. तेथील भूमि रेताड. खड्ड्यांत माणसें रोज वावरलीं असतीं, तर तळ तुडवला जाऊन घट्ट झाला असता व कडा ढांसळल्या असत्या; तशा खुणा मिळाल्या नाहींत. यावरून खड्ड्यावर फळ्यांची जमीन घातलेली असून खालीं पोकळी ठेवीत, असें अनुमान निघालें. पुढें त्याच जागीं जुन्या पद्धतीनें घरें बांधून या अनुमानाची प्रत्यक्ष चाचणी घेण्यांत आली. तरीहि प्रत्येक खातगृहावर फळ्या होत्याच, असें सरसकट म्हणतां येत नाहीं. कांहींचा तळ वापरांत असल्याचा संभव उरतोच. एक आग्रही मत सोडून दुसरें तितकेंच आग्रही मत धरण्यांत लाभ नाहीं.

५. याहून महत्त्वाचा मुद्दा कालनिर्णयाचा. खड्ड्यांत सांपडलेली हाडेंखापरें त्या घरांत राहणाऱ्यांचींच, असें जुनें गृहीत होतें. बारकाईनें पाहतां असें दिसलें कीं, घर मोडल्यावर उरलेला खड्डा शेजाऱ्यांनीं उकिरडा म्हणून भरून काढिला. म्हणजे आंतील वस्तु घर बांधल्याचा काळ सांगत नाहींत; फार तर घर पडल्यानंतरचा सांगतात. जेस टिपर यांनीं सन २००४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत इंग्लंडांतील खातगृहांच्या भरावाची तपासणी करून हाच मुद्दा विस्तारानें मांडला आहे.

आपल्या परिचयाचा दृष्टान्त द्यावयाचा तर, पोथीच्या शेवटीं असलेला शक हा त्या प्रतीच्या लेखनाचा असतो, ग्रंथाच्या रचनेचा नव्हे. शके १६५० ची प्रत मिळाली म्हणून ग्रंथ शके १६५० चा ठरत नाहीं. ग्रंथ त्यापूर्वीं केव्हां तरी झाला, एवढेंच ठरतें. तसेंच, नव्या पोथींत जुनें वचन उतरलेलें असावें, त्याप्रमाणें सॅक्सन खड्ड्यांत रोमन खापरें येतात. तीं तेथें आलीं तीं मातीबरोबर किंवा कोणीं उचलून आणलीं म्हणून. त्यांवरून खड्डा रोमन काळचा ठरविणें चूक. उलट, रोमन काळच्या चरांत वरच्या थरांत सॅक्सन खापरें मिळतात. त्यावरून चर पुरता बुजण्यापूर्वींच नवी वस्ती आली होती, हें मात्र निश्चित म्हणतां येतें. जुने व नवे लोक तेथें एकत्र नांदले काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि केवळ खापरांवरून तो सुटत नाहीं.

कालनिर्णयाच्या या शिस्तीचें फळ मोठें आलें. २०३ हा आंकडा ऐकून प्रथम मोठें नगर डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु हेलेना हॅमरो यांनीं सन १९९३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत दाखविलें कीं, हीं घरें एका वेळचीं नव्हेत. पांचव्या शतकांत वस्ती दक्षिणेकडे होती. लांकडी घरें जीर्ण होत तसतशीं नवीं शेजारच्या मोकळ्या जागेंत उभीं राहत, आणि अशा रीतीनें सातव्या व आठव्या शतकाच्या संधीपर्यंत तीच वस्ती उत्तरेकडे सरकत गेली. म्हणजे तें नगर नव्हे, पिढ्यान् पिढ्या हळू हळू चालत गेलेलें एक खेडें होय.

६. लेखी साधनांशीं या पुराव्याचा मेळ कितपत बसतो? मकिंग या नांवांतच ‘मक्का’ नामक पुरुषाचे लोक असा अर्थ विद्वान् मानितात. जुन्या इंग्रजींतील ‘-इंगास्’ हा प्रत्यय आपल्याकडील अपत्यार्थी तद्धितासारखा आहे. दशरथाचा तो दाशरथि, तसे मक्काचे ते मकिंग. परंतु हा मक्का कोण, याचा कोणत्याहि ग्रंथांत पत्ता नाहीं. बीड सांगतो कीं, सेड नामक धर्मगुरूनें पूर्व-सॅक्सनांच्या राज्यांत दोन ठिकाणीं मठवासी समाज स्थापिले, त्यांपैकीं एक थेम्सकांठीं टिल्बरी येथें. ही गोष्ट सातव्या शतकाच्या मध्यानंतरची, आणि टिल्बरी मकिंगपासून थोड्याच मैलांवर. त्या वेळीं मकिंगची वस्ती चालू होती. तिच्या कानीं ती घंटा आली असेल, असें मनांत येतें. परंतु संभव आणि सिद्धि यांमधील अंतर विसरतां कामा नये.

याउलट नॉर्थंबरलंडांतील येव्हरिंग येथें मेळ स्पष्ट आहे. पॉलिनस यानें राजाच्या ‘आद् गेफ्रिन’ येथील वाड्यावर ३६ दिवस राहून लोकांस बाप्तिस्मा दिला, असें बीड लिहितो. ब्रायन होप-टेलर यांस सन १९५३ पासूनच्या खोदकामांत तेथें प्रचंड लांकडी सभागृहें मिळालीं. राजवाड्याचें नांव ग्रंथांत आलें. खेड्याचें आलें नाहीं. म्हणूनच मकिंगसारख्या स्थळाची किंमत अधिक, कारण त्याचा दुसरा साक्षीदार नाहीं.

७. शेवटीं जो मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो तो सांगतों. उत्खनन म्हणजे पुराव्याचें वाचन आणि त्याच क्षणीं त्याचा नाश. पोथी दहा जणांनीं दहा वेळां वाचावी. थर एकदांच वाचतां येतो. खोदणाराची टिपणें व नकाशे हीच त्यानंतरची एकमेव प्रत. मकिंगचें खोदकाम सन १९७८ मध्यें थांबलें. जोन्स दंपतीनें खाणीच्या तोंडांतून जेवढें वांचवितां आलें तेवढें वांचविलें. पण तें इतकें अफाट होतें कीं, त्यांच्या हातून त्याचा संपूर्ण अहवाल झाला नाहीं. सॅक्सन वस्तीचा ग्रंथ सन १९९३ मध्यें, दफनभूमींचा सन २००९ मध्यें, आणि प्रागैतिहासिक व रोमन काळांचे ग्रंथ सन २०१६ च्या सुमारास बाहेर पडले. म्हणजे काम थांबल्यावर ३८ वर्षांनीं, आणि तेहि दुसऱ्यांच्या हातून. मार्गारेट जोन्स त्यापूर्वींच, सन २००१ मध्यें, निवर्तल्या होत्या. टिपणें जपून ठेविलीं होतीं म्हणूनच हें साधलें.

आपल्याकडे घोड नदीकांठच्या इनामगांवीं डेक्कन कॉलेजनें सन १९६८ ते १९८३ पर्यंत ताम्रपाषाणयुगीन खेड्याचें उत्खनन केलें. शंभराहून अधिक घरें उकललीं, आणि ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांचा अहवाल सन १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. डॉ. सांकळिया यांनीं इंग्लंडांत मेडन कॅसल येथें व्हीलर यांच्या हाताखालीं थरांचें वाचन प्रत्यक्ष पाहिलें होतें. तेव्हां हा संबंध केवळ दृष्टान्तापुरता नाहीं.

आपणां संग्राहकांच्या घरीं जीं दप्तरें रुमालांत बांधलेलीं पडून आहेत, त्यांची याद्याहि अद्याप झालेल्या नाहींत. तीं फिरून वाचतां येतील, या भरंवशावर आपण स्वस्थ बसतों. परंतु वाळवी व दमट हवा यांचें काम खडीच्या खाणीसारखेंच चालू असतें. फरक इतकाच कीं, तें ऐकूं येत नाहीं. निदान प्रत्येक रुमालाची एक साधी यादी करून ती छापावी, एवढें तरी आपल्या हातीं आहे. मकिंगचें खेडें आज जमिनीवर नाहीं. तें कागदावर आहे, आणि कोणीं तरी तो कागद जपला म्हणूनच आहे.