टिळक जन्मस्थान (हातखंबा–रत्नागिरी परिसर)

रत्नागिरी शहरातील टिळक आळीमधले जुने कौलारू घर. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे जन्मस्थान आणि राज्य संरक्षित स्मारक. मुंबई–गोवा महामार्ग सोडून हातखंब्याच्या तिठ्यावर पश्चिमेला वळले की रस्ता थेट रत्नागिरीत उतरतो.

टिळकांचा जन्म येथे २३ जुलै १८५६ रोजी झाला. घराण्याचे मूळ गाव मात्र दापोली तालुक्यातील चिखलगाव. तेथे टिळकांची खोती होती. पणजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलीचे मामलेदार होते. वडील गंगाधरपंत शिक्षकी पेशात शिरले आणि नोकरीपायी बिऱ्हाड रत्नागिरीत आले. १८६६ मध्ये त्यांची पुण्यास बदली झाली, तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. संस्कृत आणि गणित या विषयांचा पाया वडिलांनी घरीच घातला, तो याच काळात. म्हणून हे घर केवळ जन्माच्या नोंदीपुरते मानणे अन्यायाचे ठरेल.

पुण्यातील वाडा चौकाभोवती आत वळलेला असतो. कोकणातले घर बाहेर, खळ्याकडे उघडते. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर व देवघर, त्याला लागून अंधारी, उबदार बाळंतिणीची खोली, शेवटी स्वयंपाकघर आणि परसदार, असा या प्रदेशातील जुन्या घरांचा क्रम. ओटीपर्यंत आल्यागेल्याचा वावर, माजघर बायकामाणसांचे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. छपराचा उतार मोठा आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके ते पुढे आलेले, कारण येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आज कोकणात सर्वत्र दिसणारी मंगलोरी कौले १८६०च्या दशकात तयार होऊ लागली. तेव्हा टिळक जन्मले त्या आषाढात या घरावर ती नव्हती. त्या काळी घरे गावठी नळीच्या कौलांनी किंवा गवताने शाकारत.

आता अंगणात टिळकांचा पुतळा आहे आणि आत त्यांच्या जीवनाची ओळख करून देणारी छायाचित्रे. अनेक प्रवासी ती पाहूनच परततात. वास्तूही तितक्याच लक्षपूर्वक पाहावी, आणि शक्य असल्यास पावसाळ्यात यावे. छपराची आणि पडवीची योजना तेव्हाच नीट कळते.