गोवा पावडरीची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या औषधविक्रेत्यांकडे ‘गोवा पावडर’ नावाची एक भुकटी मिळे, जी मुळात फिकट पिवळी असली तरी वाऱ्यावर उघडी राहिली की काळपट जांभळी पडे, आणि जिच्या तोडीचा इलाज नायट्यावर दुसरा नाही अशी लोकांत ख्याती होती. वस्तुतः गोव्याच्या मातीशी तिचे काही नाते नव्हते. कलकत्त्याच्या डॉ. फेरर यांनी १८७४ साली तिच्याविषयी लिहिले, तेव्हा ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील डॉ. सिल्व्हा लिमा यांनी ओळखले की ही तर आपल्या रानातली ‘अरारोबा’. तेथे जुन्या वृक्षांच्या खोडांतील भेगांत ही भुकटी साठे; लाकूडतोडे खोड चिरून ती खरवडून काढीत, आणि तिची धूळ उडाली की त्यांचे डोळे व चेहरे सुजत. पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापाराने तिला पूर्वेकडे आणले, आणि जन्मभूमीचे नाव मागे पडून बंदराचे नाव तिला कायमचे चिकटले.

पुढचा प्रसंग मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्या पाहण्यात १८७६ च्या सुमारास असा रोगी आला, की ज्याने आपल्या सोरायसिसला नायटा समजून गोवा पावडर लावली होती आणि ज्याच्या रुपेरी खपल्या त्यामुळे झडू लागल्या होत्या. चुकीच्या निदानातून लाभलेला हा गुण स्क्वायर यांनी योगायोग म्हणून सोडून दिला नाही. मलम करून ते इतरांवर योजले आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. रेवाचिनीच्या मुळीतले आम्लच यात आहे, हा रसायनज्ञांचा समजही त्याच वर्षी लीबरमान यांनी खोडून काढला व खऱ्या द्रव्यास ‘क्रायसारोबिन’ हे नाव रूढ झाले.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला अरारोबा मिळेनाशी झाली, तेव्हा तेथील बायर कंपनीने त्याच घडणीचे, केवळ एक मिथिल गट कमी असलेले संयुग प्रयोगशाळेत तयार केले. गालेव्स्की व उन्ना यांनी १९१६ साली त्याचा गुण जाहीर केला. हेच डिथ्रॅनॉल. १९५३ मध्ये लीड्सच्या इन्ग्रॅम यांनी डांबरी द्रव्याचे स्नान, अतिनील किरण आणि त्यानंतर डिथ्रॅनॉलची घट्ट पेस्ट असा क्रम घालून दिला. ही पेस्ट नेमकी चट्ट्यावरच बसवावी लागे, कारण भोवतालच्या निरोगी कातडीची ती आग करी. आणि चट्टा बरा झाला की तेवढी जागा पांढरीस्वच्छ दिसे, सभोवार तपकिरी जांभळी कड उरे, नि चादरीवरचे डाग धुऊनही जात नसत.