भिरंडाचा आंबटपणा आणि माणसामाणसांची जीभ

गोव्यात 1563 साली छापल्या गेलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात आपल्या भिरंडाविषयी थोडासा मजकूर आहे. ग्रंथाचा कर्ता गार्सिया द ऑर्ता हा वैद्य. तो 1534 साली गोव्यात आला, येथेच त्याने वैद्यकी केली, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार केले आणि 1568 साली येथेच तो वारला. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा हा ग्रंथ संवादरूप आहे. भिरंडाला तो जे नाव देतो ते आपलाच शब्द, पोर्तुगीज उच्चारात. फळ आतून रक्तासारखे लाल. पुष्कळांना खायला आवडते, पण मला नाही, कारण ते फार आंबट आहे, असे तो नोंदवतो. मग रंगासाठी आणि शिरका करण्यासाठी सालींचा उपयोग होतो, एवढे सांगून पुढे जातो.

या ग्रंथातून अभ्यासकांनी मिरीची, कापराची, मोडशीच्या साथीची माहिती वेचली. मला मात्र ती छोटी कबुली मोलाची वाटते. फळ वाईट आहे असे ऑर्ता म्हणत नाही. फळाचा गुण आणि स्वतःची जीभ या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. हिंगाचेही तसेच. त्याचा वास त्याला नकोसा होता, पण साऱ्या देशात लोक तो अन्नात आवडीने घालतात हे त्याने न नाक मुरडता लिहिले.

आपल्या पेडणे-डिचोलीतल्या घरांत एवढा समंजसपणा क्वचित दिसतो. चव पदार्थात असते आणि ती सगळ्यांना सारखीच लागते, असे आपण धरून चालतो. मग सुनेच्या हाताला चव नाही, कारले थुंकणारे पोर लाडावलेले, आणि आमटी अळणी म्हणणारे आजोबा हट्टी ठरतात. पंगतीतला हा न्याय जुना आहे. पण त्यावरची शंकाही तितकीच जुनी आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय काढून पाहा. चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत आणि रस किती, यावर वाद चालला आहे. भद्रकाप्य म्हणतो एकच. शाकुंतेय दोन म्हणतो. पूर्णाक्ष तीन, हिरण्याक्ष चार, असे करत निमी सातावर आणि बडिश आठावर जातो. निमी क्षाराला वेगळा रस मानतो. बाल्हीक देशचा कांकायन तर रस अगणित आहेत असे सांगून मोकळा होतो. शेवटी पुनर्वसू आत्रेय सहा ठरवतात. आपण पाठ केले ते सहा. वाद मात्र विसरलो. जैन शास्त्रात पुद्गलाचे रस पाचच मोजले आहेत, खारट त्यात वेगळा नाही. आमच्याकडे रसपरित्यागाच्या व्रतात मीठ सोडतात, पण रसांच्या यादीत त्याला जागा नाही, ही गंमत लहानपणी कुणी समजावून दिली नव्हती.

शब्दांचेही पाहा. संस्कृतातला कटु म्हणजे मिरी-सुंठीचा झणझणीतपणा, कडवटाला तिक्त. मराठीत कटूचा कडू झाला आणि कारल्याला जाऊन चिकटला.

तिखट ही मुळात जिभेची चव नव्हेच. मिरचीतले द्रव्य उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. ते ग्राहक 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि 2021 साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणून मिरची डोळ्यांना आणि हातांनाही लागते. ती अमेरिकेतून सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांबरोबर आली. आज आमच्या पेडण्यात हरमलची मिरची मानाने मिरवते, आणि तिच्यावर वाढलेल्या माणसाला पाहुण्याच्या डोळ्यांतले पाणी नाटकी वाटते. वास्तविक सवयीने हे तंतू बोथट होतात. खतखत्यातले तिरफळ तर आणखी निराळे. ते ओठांना मुंग्या आणते. त्याच जातकुळीतल्या चिनी मिऱ्यावर लंडनच्या संशोधकांनी 2013 साली प्रयोग प्रसिद्ध केला. ओठांवरची ती थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतकी भासते, असे त्यांना आढळले. ज्याला ही थरथर सुखाची वाटते तो तिरफळ चघळतो, दुसरा हळूच पानाच्या कडेला ठेवतो.

कडवटपणावर वैद्यकाने बरीच भिस्त ठेवली. सिंकोनाची साल कडू व तुरट असल्यामुळे जठराला बळ देते आणि म्हणून ताप हटवते, असे स्कॉटलंडच्या कलेनचे मत होते. 1790 साली त्याचा ग्रंथ जर्मनमध्ये उतरवताना हानेमानला ते पटले नाही. तिच्याहून कडू-तुरट मिश्रणे ताप हटवत नाहीत, मग कडवटपणाला श्रेय कसे? होमिओपॅथीचा उगम याच शंकेत आहे. आपल्याकडे मुलांना किरायते पाजणाऱ्या आज्यांना मात्र ही शंका कधी शिवली नाही.

जिभा जन्मतः वेगळ्या असतात याचा ठोस पुरावा 1931 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत योगायोगाने मिळाला. आर्थर फॉक्स हा रसायनज्ञ एक चूर्ण बाटलीत भरत होता, ते हवेत उडाले. शेजारचा सहकारी तोंड कडूजहर झाल्याची तक्रार करू लागला; फॉक्सला काहीच लागेना. दोघांनीही चूर्ण जिभेवर ठेवून पाहिले, फरक तसाच राहिला. हा फरक घराण्यात उतरतो हे लवकरच दिसले. मग पितृत्वाच्या तपासात आणि जातिजमातींच्या मोजमापात त्याच्या चाचण्या वापरल्या गेल्या. जिभेवरून माणसांची प्रतवारी लावण्याचा तो उद्योग मला पटत नाही. या फरकामागचे मुख्य जनुक 2003 साली सापडले. पण फॉक्सला ते चूर्ण लागले नाही, म्हणजे त्याला कारले गोड लागे असे नव्हे. कडू जाणणारे ग्राहक पंचविसेक प्रकारचे आहेत. एक मंद असला तरी दुसरा तीक्ष्ण असू शकतो. म्हणून एका घरात एकाला कोबी उग्र लागतो, दुसऱ्याला किरायते, आणि दोघेही खरे बोलत असतात.

जन्माचा फरक एक, वयाचा दुसरा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. 2020 च्या साथीत वास गेलेल्यांना हे पुरेपूर कळले. वय वाढते तसा वास मंदावतो, लाळ कमी होते, कवळी टाळू झाकते, काही गोळ्यांनी तोंडाला धातूची चव येते. त्यामुळे आजोबांची तक्रार खोटी नसते आणि सुनेची आमटीही बिघडलेली नसते. धोका पुढे आहे. ते वरून मीठ घेतात, रोज थोडे जास्त, आणि रक्तदाब चढतो. अशा वेळी मिठाचे भांडे पुढे करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. तोंड कोरडे पडते का? नवी गोळी कधी सुरू झाली? सर्दी नसताना हिंगाच्या डबीचा वास येतो का? बदल हळूहळू झाला की एकाएकी? एकाएकी झाला असेल तर डॉक्टरांना दाखवा. बाकी आमटीत मीठ न वाढवता दोन बिनमिठाची सोले टाकून पाहा. आगळ नको, त्यात मीठ आधीच असते.