इदीर आणि कबाइली गीताचें नवें रूप

उत्तर आफ्रिकेंतील अल्जीरिया देशांत, राजधानीच्या पूर्वेस, जुर्जुरा नांवाची पर्वतराजी आहे. तिच्या आश्रयानें राहणारे कबाइली लोक ही त्या भूभागांतील प्राचीन अमाझिग जनांचीच एक शाखा होय. बाहेरच्यांनीं त्यांस ‘बर्बर’ म्हटलें. ते स्वतःस अमाझिग म्हणवितात. त्यांचें वाङ्मय बहुतांशीं मुखपरंपरेनेंच टिकलें, व तें टिकविण्याचा मोठा भार स्त्रियांनीं वाहिला. त्यांचीं गीतें आमच्या ओव्यांप्रमाणेंच निनांवी असत.

१९६२ सालीं अल्जीरिया स्वतंत्र झाला. परंतु नव्या राज्यकर्त्यांनीं राष्ट्राची भाषा म्हणून एकट्या अरबीचाच पुरस्कार केला. नभोवाणीवर कबाइली भाषेस थोडी जागा होती. शाळेंत व कचेरींत मात्र तिला प्रवेश नव्हता. अशा वेळीं, १९७३ सालीं, भूगर्भशास्त्राचा एक विद्यार्थी अल्जिअर्सच्या नभोवाणीवर एका प्रसिद्ध गायिकेच्या ऐवजीं ऐन वेळीं गावयास बसला. त्याचें नांव हमीद शेरियेत; जन्म १९४९ चा, डोंगरांतील एका खेड्यांतला. गायक म्हणून त्यानें ‘इदीर’ हें नांव घेतलें. ‘तो जगेल’ असा त्याचा अर्थ.

‘आ वावा इनूवा’ हें त्याचें गीत. त्याची शब्दरचना कवि बेन मोहमेद यांच्या साह्यानें झाली. गाभा मात्र आजीच्या कहाणीचा. दाराबाहेर मुलगी, आंत म्हातारा बाप, आणि रानांत राक्षस. बापास खूण पटावी म्हणून मुलीनें कांकणें वाजवावयाचीं. या कहाणीभोंवतीं कवीनें हिमवर्षावाच्या रात्रीं शेकोटीजवळ बसलेल्या कुटुंबाचें चित्र उभें केलें.

इदीरनें नवें काय केलें? गांवच्या समारंभांत ढोल व सनईसारखें वाद्य घुमे. स्त्रियांचें घरगुती गाणें बहुधा वाद्यावांचून चाले. शहरांतील कबाइली गायक पुष्कळदां अरबी वळणाच्या वाद्यवृंदाबरोबर गात. इदीरनें एक गिटार घेतलें, तिच्या तारा हळुवार छेडल्या, व स्वर चढविण्याऐवजीं कथा सांगावी तसा खालीं ठेवला. संवादासाठीं जोडीला स्त्रीचा आवाज घेतला. एवढेंच.

गिटार परकें, म्हणून गीतही परकें झालें, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाहीं. हांक आणि उत्तर हा त्या गीताचा सांगाडा कहाणींतच होता. वाद्यानें त्यास आधार दिला, त्याची जागा घेतली नाहीं. दुसरा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. प्रत्येक आजी कहाणी आपल्या परीनें सांगे. ध्वनिमुद्रिकेनें एकच पाठ कायम केला, आणि नांव झालें तें गायकाचें. ही हानि आम्ही नाकारीत नाहीं.

तथापि दुसरें पारडेंही पाहिलें पाहिजे. इदीरच्या पूर्वीं तावूस अम्रूश या विदुषीनें आईपासून शिकलेलीं प्राचीन गीतें युरोपच्या रंगमंचावर गाइलीं होतीं. पण तीं जुन्या ठेव्याच्या थाटांत. इदीरनें तोच ठेवा तरुणांच्या नित्याच्या ओठांवर आणला. १९७६ सालीं पॅरिसमध्यें त्याचा गीतसंग्रह निघाला, आणि पोटासाठीं फ्रान्सला गेलेल्या कबाइली मजुरांच्या मुलांस आपली भाषा लाजिरवाणी नाहीं असें वाटूं लागलें. १९८० च्या मार्चमध्यें प्राचीन कबाइली काव्यावरील मुलूद मामेरी यांचें व्याख्यान सरकारनें तिझी-उझू येथें बंद पाडलें, तेव्हां प्रक्षोभ उसळला. तो एका गीतामुळें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु काव्यावरील व्याख्यानासाठीं रस्त्यावर उतरणारी पिढी अशा गीतांवरच वाढली होती.

अमाझिग भाषेस अल्जीरियांत २००२ सालीं राष्ट्रीय व २०१६ सालीं राजभाषेचा दर्जा मिळाला. २०२० च्या मे महिन्यांत इदीर पॅरिसमध्यें निवर्तला. कायद्यानें भाषेस दर्जा देतां येतो. ती मुलांस आवडावी हें मात्र कायद्याच्या हातीं नसतें. तें काम या गायकानें, सत्तेनें दार उघडण्याच्या तीस वर्षें आधीं, केलें.