वाढते परभणी शहर : आधी रस्ता, मग भूखंड

परभणी : १ नोव्हेंबर २०११ रोजी परभणी नगरपालिकेचे महापालिकेत रूपांतर झाले. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार १७० इतकी नोंदविली गेली. वसमत, जिंतूर, पाथरी व गंगाखेड या रस्त्यांच्या कडेने शेतजमिनींवर नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. मात्र रस्ता कोठून जाणार, हे भूखंड विकण्यापूर्वी निश्चित झाले नाही, तर त्याची किंमत पुढे रहिवाशांनाच मोजावी लागते.

रस्ते अडतात कोठे?

परभणीतील प्रमुख रस्ते मध्यवस्तीतून बाहेर जाणारे आहेत. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ६१, पूर्वीचा २२२) येथूनच जातो. या रस्त्यांना परस्परांशी जोडणारे आडवे रस्ते नसतील, तर एका वसाहतीतून दुसरीकडे जाण्यासाठी मध्यवस्तीतच यावे लागते. त्यात शहरातून जाणारा लोहमार्ग आणि शहरालगतची वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची विस्तीर्ण प्रक्षेत्रे यांमुळे जोडरस्त्यांच्या जागा मर्यादित आहेत. शेजारच्या दोन गटांत स्वतंत्रपणे भूखंड पाडले गेले व त्यांचे अंतर्गत रस्ते समोरासमोर आले नाहीत, तर रस्ता बांधाशीच संपतो. तेथे घरे उभी राहिली की तो जोडणे जवळजवळ अशक्य होते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक असे जमिनीचे वापर, नियोजित रस्ते आणि शाळा, उद्याने यांची आरक्षणे दर्शविली जातात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना ३० दिवसांत हरकती व सूचना दाखल करता येतात. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते आणि शासनाच्या मंजुरीनंतर आराखडा अंमलात येतो. किमान २० वर्षांतून एकदा त्याची सुधारणा करणे बंधनकारक आहे.

आराखड्यावर रेघ ओढली म्हणजे रस्ता झाला, असे नव्हे. आरक्षित जागा १० वर्षांत संपादित न झाल्यास कलम १२७ अन्वये जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. पूर्वी सहा महिने असलेली ही मुदत २००९ मध्ये १२ महिने व २०१५ मध्ये २४ महिने करण्यात आली.

गुंठेवारीचा प्रश्न

एका एकरात ४० गुंठे असतात. रेखांकन मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली, की रस्ता, नाली व मोकळी जागा यांसाठी काहीच उरत नाही. मंजूर रेखांकनात ४ हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीवर साधारणतः १० टक्के खुली जागा सोडावी लागते. अनधिकृत गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्याच्या कक्षेत आली. नियमितीकरणाने कागद मिळतो. अरुंद झालेली गल्ली मात्र रुंद होत नाही.

पर्याय कोणता?

याच १९६६ च्या अधिनियमात नगर रचना योजनेची तरतूद आहे. तीत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र विचारात घेऊन रस्ते व सार्वजनिक जागा वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेली जमीन नियमित आकाराच्या भूखंडांच्या रूपाने मालकांना परत मिळते. मुंबईतील वांद्र्यासारखी उपनगरे १९१५ च्या कायद्याखालील अशाच योजनांतून आकारास आली. रस्त्याचा भार एकाच शेतकऱ्यावर न पडता सर्वांत विभागला जातो, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग परभणी जिल्ह्यातून प्रस्तावित झाल्यापासून जमिनीच्या व्यवहारांत रस्त्यांच्या आखणीचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

भूखंड घेण्यापूर्वी

सातबारावर नाव लागले म्हणजे बांधकामास परवानगी मिळाली, असे होत नाही. महापालिकेच्या नगर रचना विभागाकडून संबंधित गटाचा भाग नकाशा व झोन दाखला घ्यावा. मंजूर रेखांकन आणि मोजणी नकाशा ताडून पाहावा. भूखंडापर्यंतचा पोहोच रस्ता कागदावर व प्रत्यक्षात एकच आहे का, हे जागेवर जाऊन तपासावे. हा रस्ता खासगी शेतातून जात असेल, तर वहिवाटीचा हक्क लेखी असल्याची खात्री करूनच इसार द्यावा.